एका डोळ्यासाठी तीन कोटेशनं

१८ नोव्हेंबर १९९३, सकाळी

रोजनिशी पुन्हा सुरू. कारण तसंच आहे. नर्मदाला मोतीबिंदू झालाय. काल स्टेशन रोडच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळा पाहिला. म्हणाले, पुरता पिकलाय, महिन्याभरात काढून घ्या. डावा डोळा तिचा लहानपणी देवीत गेला, त्यामुळे सगळी मदार या उजव्यावर. आता डोळ्याच्या आतच लेन्स बसवतात, जाड चष्मा लागत नाही, असंही डॉक्टरांनी सांगितलं. मला एकदम पटलं. लेन्स घ्यायची तर सर्वांत उत्तम घ्यायची. डोळा एकच आहे, खरेदी चुकता कामा नये. मी जन्मभर सरकारी कचेरीत स्टोअरकीपर होतो. खुर्ची असो नाहीतर फिनेल, तीन कोटेशनं आल्याशिवाय घेतलं नाही. ऑडिटवाल्यांना कधी बोट ठेवायला जागा मिळाली नाही.

२० नोव्हेंबर

नांदेड, औरंगाबाद आणि हैदराबादच्या डॉक्टरांना पत्रं टाकली. लेन्स कोणत्या देशाची, किती वर्षं टिकते, बिघडल्यास बदलून मिळते का, वगैरे. नर्मदा म्हणाली, "हितलाच डॉक्टर काय वाईट हाय? शेजारच्या कस्तुराबाईचा डोळा त्यानंच केलाय की." तिला व्यवहारातलं कळत नाही. प्रेमानं समजावलं.

२९ नोव्हेंबर

मेव्हणे बन्सीधर बोरीहून आले. गावात डोळ्यांचं शिबिर आहे, फुकट. म्हणाले, "दाजी, अक्काला संगं नेतो. मायचा डोळा मागल्या साली तिथंच केला. आता तांदळातले खडे येचायलीय." सासूबाईंचा, म्हणजे धुरपताबाईंचा, तो चष्मा मी पाहिलाय. सोड्याच्या बाटलीचं बूडच. आतून डोळे लिंबाएवढे दिसतात. माझ्या बायकोच्या तोंडावर तसलं काही मी चढू देणार नाही. स्पष्ट सांगितलं.

नर्मदानं पिशवी भरून ठेवली होती. दोन लुगडी, तांब्या, फणी. काढून ठेवायला सांगितलं. बन्सीधर न जेवताच गेले. पोट बिघडलं असेल.

११ डिसेंबर

नांदेडचं उत्तर आलं, औरंगाबादचंही आलं. दोघेही लगेच या म्हणतात. माल खपवायची घाई असली की असंच लिहितात. हैदराबाद बाकी. दोन कोटेशनांवर निर्णय घेणं नियमात बसत नाही. स्मरणपत्र पाठवलं.

भाजीत दोनदा मीठ. नर्मदाचं अलीकडे कामात लक्ष नसतं. तसं बोललो. तिनं ताट उचललं आणि आत गेली.

१९ डिसेंबर

बरं झालं थांबलो! कचेरीतले जुने सोबती व्यंकटराव भेटले. त्यांचा भाचा मुंबईला औषध कंपनीत आहे. तो म्हणतो, परदेशात नवीन लेन्स निघालीय. तिनं जवळचंही दिसतं आणि लांबचंही. चष्म्याची कटकटच संपली. साधी लेन्स बसवली तर वाचायला चष्मा लागतोच म्हणे. आता नर्मदाला वाचता येत नाही हे खरं, पण तत्त्व म्हणून काही आहे की नाही. तिघांनाही सुधारित पत्रं टाकली.

संध्याकाळी नर्मदानं चहा कपाबाहेर ओतला. माझ्या पायावर. हे नवीन कप तोंडाला फार अरुंद आहेत.

१ जानेवारी १९९४

संकल्प : या महिन्यात लेन्स म्हणजे लेन्स.

नर्मदा आताशा एकटी देवळात जात नाही. विचारलं तर म्हणाली, "देव काय, घरातबी हाय." वय झालं की माणूस शांत होतो. चांगलं लक्षण.

१३ जानेवारी

हैदराबादचं उत्तर एकदाचं आलं. लिहितात, नवीन लेन्स आमच्याकडे अजून आलेली नाही, आल्यास कळवू. पण तोवर थांबू नका, साधीच बसवून घ्या, डोळा जास्त पिकू देणं धोक्याचं. 'आल्यास कळवू' हे आशादायक आहे. औरंगाबादला समक्षच जाऊन येणार होतो. पण उद्या विद्यापीठाचं नामांतर होणार म्हणतात, गाड्यांचा भरवसा नाही. शिवाय संक्रांत. सोमवारी बघू.

२० जानेवारी

नर्मदाचं डोकं दुखतंय. उलट्या. उजवा डोळा लाल. पित्त असणार, तिळगूळ जास्त झाला. आल्याचा रस दिला.

२३ जानेवारी

अजून तेच. "डोळ्यात कुणी सुरी फिरवायलंय," म्हणते. ती कधी असं बोलत नाही. खायचा सोडा दिला. दवाखान्यात नेलं तर स्टेशन रोडवाले ऑपरेशनच उरकून टाकतील, तेही साध्या लेन्सचं. दोन दिवस पाहू.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून घरी आलो तर कस्तुराबाई नर्मदाजवळ बसलेल्या. माझ्यावर नुसत्या ओरडल्या. "भाऊ, तिला खिडकी कुटं हाय ते कळंना झालंय! त्या कागदांला इस्तू लावा तुमच्या!" सुशिक्षित माणसाशी बोलायची ही पद्धत नव्हे. पण मी नर्मदाला खिडकीकडे बोट दाखवायला सांगितलं. तिनं कपाटाकडे दाखवलं.

रिक्षा आणली.

२७ जानेवारी

मोतीबिंदू फुगून डोळ्यातलं प्रेशर वाढलं. आतली नस गेली.

मी डॉक्टरांना विचारलं, मग आता लेन्स कोणती बसवायची. त्यांनी हातातली बॅटरी खाली ठेवली. म्हणाले, "कोणतीच नाही. आता मोतीबिंदू काढायचा तो फक्त दुखणं थांबावं म्हणून. दिसणार नाही त्यांना." नोव्हेंबरात कुठलीही लेन्स चालली असती, हेही म्हणाले. हळू बोलले, पण बाकावर नर्मदा होती. तिनं ऐकलं.

घरी येताना रिक्षात तिनं माझा हात धरला होता. तोल जाऊ नये म्हणून असेल.

५ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. दुखणं थांबलं. एका डॉक्टरचं मत म्हणजे अखेरचं मत नव्हे. आणखी दोन मतं घ्यावीत, असं सुचवलं. नर्मदा म्हणाली, "आता मला कुटं नेऊ नका." रागावली असती तर बरं झालं असतं. मला तिच्याकडे बघवत नाही, आणि बघितलं नाही तरी तिला कळणार नाही, हे त्याहून वाईट.

१३ फेब्रुवारी

तिन्हीसांजेला लाईट गेली. मी काडेपेटी शोधताना स्टुलावर आदळलो. नर्मदा म्हणाली, "हलू नका," आणि भिंतीला हात लावत लावत जाऊन मला पाणी आणून दिलं. मग आम्ही दोघं तसेच बसलो. बऱ्याच दिवसांनी ती आपणहून बोलत होती. बोरीच्या शाळेमागच्या चिंचा, कोण झाडावर चढायचं, कोण खाली पदर धरायचं. मी हसलो. अंधारात आम्ही सारखेच होतो. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात लाईट आली. ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती. मी तिथं नव्हतो, इकडे होतो. ते मला सोसलं नाही. उठलो आणि बटण बंद केलं.

तिनं विचारलं, "आली का लाईट?" मी म्हणालो, अजून नाही.

तिनं बाहेर कान दिला. मग म्हणाली, "कस्तुराबाईचा रेडिओ लागलाय की. बटणबी वाजलं. अंधारात कशाला बसलाव? लावा. तुमाला तरी दिसतंय."

लावली.