पट्टीची कड
चिखली, मंगळवार, संध्याकाळ

आज मी संदीपचा हात फोडला.

आमच्या अभ्यासिकेचा नियम आहे. इंग्रजीच्या सराव पेपरात जितके प्रश्न चुकले तितके पट्टीचे फटके, अन् मारायचे त्यानं, ज्याले सगळ्यात जास्त मार्क. दोन वर्षं माझेच चुकतात अन् संदीपच मारते. आज उताऱ्यावरचे त्याचे पाच चुकले, माझा एकच. त्यानं हसत हात पुढं केला, "मार बे."

मी स्टीलची पट्टी चपटी नाही, कडेनं मारली. काऊन? बँकेच्या परीक्षेत दोनदा इंग्रजीनंच मले पाडलं म्हणून? त्यात त्याचा काय दोष? बोटाच्या पेरातून रक्त आलं तवा पोरं ओरडली, "अबे सोड, पाचाचे सात झाले."

घरी येऊन पट्टी धुतली. कड अजून लाल दिसून राह्यली, का मलेच दिसते?

अभ्यासिकेतून निघताना संदीप बोटाले रुमाल गुंडाळत एवढंच म्हणाला, "उद्याचा पेपर आठ वाजता."

त्याच्या फटक्यानं माझ्या हातावर कधीच वळ उठला नाही. उद्या माझे चुकतील, अन् तो पुन्हा तसाच हळू मारंल. त्यापेक्षा त्यानं माझा हात फोडावा.