आई दगडावर हसते आहे

प्रिय देसांकाताईस,

धाकट्या तिहोमिरचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा रक्तदाब? व्हिएन्नात थंडी सुरू झाली असेल, तेव्हा मोजे घालत जा, दुकानातले नव्हे, आईने विणून पाठवलेले. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. म्हणजे शनिवारपर्यंत होतो. (तू चार वर्षं गावी आली नाहीस हा विषय पत्रात काढणार नाही असं मी तुझ्या भावजयीला, झागोर्काला, कबूल केलंय, म्हणून काढत नाही. चार झाली, एवढं फक्त लक्षात असू दे.) फोनच केला असता, पण फोन आईच्या पलंगाशेजारी आहे आणि सांगायचंय ते आईबद्दलच. तिला हल्ली ऐकू येत नाही, पण ते फक्त डॉक्टरांसमोर.

सुरुवात ऑगस्टच्या अखेरीस झाली. मी अंगणात कॅमेऱ्याची काच पुसत बसलो होतो. आई आली आणि म्हणाली, माझा एक चांगला फोटो काढ. ताई, माझ्या हातून काच पडायची राहिली. मी स्टेशनावर तिकिटं फाडायला लागलो त्या वर्षापासून माझ्या हातात हा कॅमेरा आहे, आणि तीस वर्षांत आईने त्याच्याबद्दल दोनच गोष्टी विचारल्या आहेत. तो जेवणाच्या टेबलावरून कधी उचलणार, आणि धुराच्या खोलीत मांस टांगायचं सोडून तू तिथे अंधार करून काय करतोस. (नेगोतिनच्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळाने माझ्या ‘टिमोकवरचं धुकं’ला दुसरं बक्षीस दिलं, तेव्हा ती म्हणाली होती, धुकंच दिसतंय, नदी कुठाय.) कशाला हवाय फोटो, असं विचारलं तर म्हणाली, ओळखपत्राला. या वयात ओळखपत्र बदलावं लागत नाही हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण कलावंताला कोणी पहिल्यांदाच विचारलं की त्याचं डोकं चालत नाही.

पहिल्या रविवारी ती बाबांच्या अंत्यविधीचा काळा रुमाल बांधून, न्यायाधीशासमोर बसावं तशी बसली. फोटो धुऊन आणला, तो तिने हातभर लांब धरून पाहिला आणि चुलीत घातला. दुसऱ्या रविवारी तुझ्या लग्नातला फुलाफुलांचा झगा काढला, आणि झागोर्काची लिपस्टिक न विचारता लावली. तोही चुलीत. मग मला राग आला. मी म्हटलं, आई, सरकारी कचेरीत तुझं सौंदर्य कोणी बघत नाही. ती म्हणाली, बघणारे असतात. हे वाक्य कशाबद्दल होतं ते मला शनिवारी कळलं.

तिसऱ्या रविवारी मात्र मी जिद्दीला पेटलो. तिला अक्रोडाखाली बसवलं. उजेड नेमका हवा तसा होता. ती पूर्ण चौकटीत मावावी म्हणून मी मागे सरकत गेलो. आणखी थोडा मागे, असं तीच सांगत होती, हे लक्षात ठेव. (झागोर्का म्हणते, आईंना पीप दिसत होतं. मी तसं मानत नाही. मानायचं झालं तर कठीण आहे.) राकियाची दारू गाळायला आंबत ठेवलेल्या आलुबुखारांच्या पिपाच्या काठावर माझ्या पोटऱ्या आदळल्या आणि मी पाठीमागे, कमरेपर्यंत, त्या लगद्यात बसलो. पाय वर. बोट मात्र बटणावर होतं आणि बटण दाबलं गेलं. कॅमेरा मी डोक्यावर धरून वाचवला, पँट वाचली नाही. पिपातून बाहेर काढायला आई उठलीच नाही. हसत होती. ताई, ती अशी हसते हे मला माहीत नव्हतं. कृत्रिम दातांची वरची कवळी सुटेल म्हणून एका हाताने तोंड धरायला गेली, तर तो हातही हसण्याने हलत होता.

फोटो धुतला तर काय, अंगण तिरकं, अक्रोड तिरका, आणि मधोमध आई, डोळे बारीक झालेले, सगळं तोंड उघडं. खालच्या डाव्या कोपऱ्यात माझा बूट. मी तो फेकणारच होतो. आईने माझ्या हातातून घेतला, घडी घातलेल्या रुमालात ठेवला आणि म्हणाली, हाच. ओळखपत्राला असला फोटो चालत नाही, असं मी तिला तीनदा सांगितलं. तिने मला तीनदा जेवायला वाढलं.

आता शनिवार. पितरांचा शनिवार होता म्हणून आम्ही तिघं शिजवलेले गहू, पाव, मेणबत्त्या आणि बाबांच्या वाट्याची बाटली घेऊन दफनभूमीत गेलो. आणि बाबांची कबर सापडेना. अकरा वर्षं मी डोळे मिटून तिथे जातो. खालची रांग, वाकडं आलुबुखाराचं झाड, त्याच्या पुढचा छोटा करडा दगड. झाड होतं, दगड नव्हता. त्या जागी काळा कुळकुळीत, नवाकोरा, माझ्या छातीइतका उंच ग्रॅनाइट उभा होता. त्यावर, स्वेतोमिर या नावाखाली, बाबा, त्यांच्या कारखान्याच्या ओळखपत्रातले, कोंबडी चोरताना पकडल्यासारखे. आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्या दुपटीने मोठी, आमची आई. हसत. स्तानिया, जन्मसाल, एक आडवी रेघ, आणि पुढे कोरी जागा. मी वळून पाहिलं, तर खरी आई माझ्यामागे टेबलक्लॉथ अंथरत होती.

मला वाटतं मी कुणाच्या तरी कबरीवर बसलो. झागोर्काने बाबांच्या वाट्यातली राकिया मला पाजली. आपल्याकडे लोक जिवंतपणी दगड करून ठेवतात, हे काय मला माहीत नाही? निम्म्या गावाने केलेत. पण माणूस घरात सांगतो. आणि तोंड मिटलेला फोटो देतो. त्यात मला अजून खालचा डावा कोपरा दिसला नव्हता. तो शेजारच्या रुझित्सा काकूला दिसला. तिने दगडाला हात लावून क्रूसाची खूण केली, वाकून बघितलं आणि मला हळूच विचारलं की हा बूट स्वेतोमिरचा का, बिचारा बूट घालूनच गेला होता नाही का. ताई, पाथरवटाने बूट कोरलाय. तळासकट. तळावरच्या आलुबुखाराच्या सालीसकट.

घरी येताना मी आईवर जे काही बोललो ते इथे लिहीत नाही. दारात चप्पल काढताना ती एवढंच म्हणाली, “आधी माझा फोटो तुझ्या खोक्यांत शोधला होता. तुला कशाला त्रास. सगळा उपासाचा महिना शोधत होते. नव्हता.”

मला ते खोटं वाटलं. माझ्याकडे बुटांचे तीस खोके आहेत, वर्षवार, फोटोंच्या पाठीवर तारखा घातलेले. घरातला एक नामकरणविधी सुटलेला नाही, एक डुक्कर सुटलेलं नाही. रविवारी सकाळी मी सगळे जमिनीवर ओतले आणि तिला दाखवायला आईचे फोटो बाजूला काढत गेलो. तुझ्या लग्नाचे त्रेसष्ट फोटो आहेत. आई एकात आहे, म्हणजे तिची कोपरापर्यंतची बाही, सूपाचं भांडं टेबलावर ठेवताना. माझ्या लग्नात तिची पाठ. बाबांच्या साठीला आरशात अर्धा रुमाल. नाताळच्या एका फोटोत ती संपूर्ण आहे, पण हंसामागे धावताना, आणि स्पष्ट आलाय तो हंस. तीस वर्षं, ताई. बाबा कंटाळलेले मी शंभर वेळा टिपले. टिमोकवरचं धुकं टिपलं. दुपारपर्यंत माझ्यासमोर चौदा फोटो होते आणि त्यात एकही चेहरा नव्हता. झागोर्का दारात आली, बघितलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. (तिचे किती आहेत ते मी अजून मोजलेलं नाही. धीर होत नाही.)

सोमवारी मी पाथरवटाकडे, ग्रादिमिरकडे, गेलो. बाकी सगळं असू दे, पण बूट घासून काढ, असं सांगायला. तो हात पुसत बाहेर आला. मी तावातावाने सांगितलं की कोरणाऱ्याला अक्कल असते, फोटोत माशी बसली असती तर माशीही कोरली असतीस का. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, मी विचारलं होतं, बूट वगळू का म्हणून, कारण कामही कमी झालं असतं.

“म्हातारी म्हणाली, राहू दे. तो माझा मुलगा आहे.”

मी तिथून कसा परतलो ते आठवत नाही. सायकल त्याच्याकडेच राहिली. बूट राहणार आहे. आईशी अजून नीट बोललेलो नाही. काल तिला मिरच्या भाजायला मदत केली, तेवढंच. कॅमेरा गळ्यात होता. तिने एकदाही टेबलावरून उचल म्हटलं नाही, कारण टेबलावर नव्हताच.

दाजींना नमस्कार. मोजे घाल.

तुझा तिहोमिर

ता. क. – तुझ्याकडे आईचे फोटो असतील तर धाड. सबंध चेहरा असलेले. पाठी आणि बाह्या माझ्याकडे पुरेशा आहेत.

ता. क. २ – पाकीट बंद करण्याआधी आईने हे पत्र वाचलं. (चष्म्याशिवाय. तेही फक्त डॉक्टरांसमोर दिसत नाही.) पिपाबद्दल तिचं काही म्हणणं नाही, म्हणजे झागोर्काचं खरं. पण तिने मला एक निरोप लिहायला सांगितलाय. त्या दगडावर तिच्या उजवीकडे एक हात रुंद जागा गुळगुळीत ठेवली आहे. मला वाटलं होतं ग्रादिमिरचं काम अपुरं राहिलंय. ती तुझी आहे. मी म्हटलं, आई, देसांका तिकडे घर घेऊन राहिली आहे. तर म्हणाली, घराबद्दल कोण बोलतंय, तिथल्या मातीत तिच्या शेजारी निजणारी माणसं कोण असतील ते तिला ठाऊक तरी आहे का.

ता. क. ३ – तुझा फोटो हवाय. पासपोर्टवरचा चालणार नाही, आणि टपालाने पाठवलेला कुठलाच ती घेणार नाही. समोर बसवून, अंगणातच काढायचा, असं तिने बजावलंय. बर्फ पडलं की ग्रादिमिर काम घेत नाही, म्हणजे तुझ्या हातात पाच आठवडे आहेत. दाजींनाही आण. त्यांचा फोटो मात्र काढायचा नाही. आई म्हणते, त्यांची सोय त्यांच्या आईने बघावी.