सदर ठिकाणी

९ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
बाबांचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघं ठीक आहोत. आईची साखर आमच्या इमारतीतल्या लिफ्टसारखी, मनाला येईल तेव्हा वर, मनाला येईल तेव्हा खाली. हे फोनवरही सांगितलं असतं, पण फोन तिच्या उशाशी असतो आणि डोळे गेल्यापासून तिचे कान दुप्पट झालेत. म्हणून पत्र.

बातमी अशी की तुझा बाप या वयात प्रवासवर्णनं लिहायला शिकतोय. हसू नकोस. आईच्या पायाची जखम भरत नाही, त्यामुळे तिचं बाहेर पडणं बंद. परवा म्हणाली, "मी नाही जाऊ शकत, तर तुम्ही जा. पण आल्यावर मला दाखवा." शेजारच्या वहिनींना तिच्याजवळ बसवलं आणि बसने तळ्यावर जाऊन आलो. पानभर लिहून मोठ्या ऐटीत वाचायला घेतलं: "सदर ठिकाणी एक विस्तीर्ण तलाव असून काठी निसर्गरम्य वनराई आहे."

आई म्हणाली, "मग मंजूर केलात की नामंजूर?"

काय करणार, सगळी नोकरी कचेरीत टिपणं लिहिण्यात गेली. हात तसाच वळलाय.

"निसर्गरम्य म्हणजे काय हो? मला तर काहीच दिसलं नाही. तुम्ही बसलात कशावर?"

"दगडावर."

"ऊन लागलेला होता?"

"नाही, गार. ओलसरच होता. पँटला मागे हिरवा डाग पडला."

"अहो, मग हे लिहा ना."

तुला माहीतच आहे, टेलिफोनच्या बोर्डापुढे बसून तिने जन्मभर लोकांना लांबलांबची गावं जोडून दिली. त्यातलं एकही स्वतः पाहिलं नाही. आता बहुतेक ती हौस माझ्या पायांनी फेडून घेतेय. घेऊ दे. तेवढाच घरात हसण्याचा आवाज होतो.

तब्येत जप. थंडीत अंगावर काहीतरी घालत जा.

तुझे,
बाबा


२१ फेब्रुवारी

चि. चिमणे,
आशीर्वाद. मागच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. रागावली नसशील असं समजून पुढे जातो.

माझं शिक्षण जोरात चाललंय. आठवडाबाजार झाला, टेकडी झाली, बंद पडलेली कापडगिरणी झाली. मास्तरीण कडक आहे. सुरुवातीला मी घरातून निघाल्यापासून लिहायचो. ती म्हणाली, "अंघोळ करून निघालात हे मला नका सांगू, टॉवेल मीच हुडकून दिला होता. जिथे तुमचे डोळे उघडले तिथून सुरू करा." माणसं काय बोलली ते मी सारांशाने लिहायचो, तर म्हणे, "त्यांचं त्यांना बोलू द्या. तुम्ही काय त्यांचे वकील?" टोपल्या विणणाऱ्या म्हातारीचं बोलणं मी तसंच्या तसं लिहून आणलं, तेव्हा आईने ते तीनदा वाचून घेतलं. त्या दिवशी मला शाळेत पहिला आल्यासारखं वाटलं.

पण एकदा पकडलाही गेलो. टेकडीवरून येताना बसमध्ये डोळा लागला, आणि तेवढा रस्ता मी घरी बसून रचला. वळण घातलं, दरी घातली, दरीत फुलं घातली. फुलांपाशी आलो तशी ती म्हणाली, "थांबा. हे तुम्ही पाहिलेलं नाही."

"कशावरून?"

"आवाज गुळगुळीत झाला. बोर्डावर असे आवाज फार ऐकलेत मी."  मग म्हणाली, "माझ्यासाठी सजवू नका हो. माझ्याकडे ताडून पाहायला दुसरे डोळे नाहीत."

त्यानंतर मी एक पानही खोटं लिहिलेलं नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते पायाबद्दल बोलले. सविस्तर नंतर लिहीन.

आणखी एक. लिहू की नको असं चाललंय. काल मी भाजी चिरत होतो. आई कॉटवरून म्हणाली, "आता तुमचा हात बसलाय. आता तिकडे जाऊन या."

कुठे, हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस, तुला कळलं असेल. मी म्हटलं, तिकडे बस जाते की नाही कोण जाणे. तर म्हणाली, "सकाळची जाते. मी फोन करून विचारलंय. थंडी सुरू व्हायच्या आधीच विचारलंय."

म्हणजे तळं, बाजार, टेकडी, ही सगळी तालीमच होती गं. मी भाजी चिरतच राहिलो. कामापेक्षा कितीतरी जास्त चिरली.

बाकी क्षेम.

तुझे,
बाबा


३० मार्च

प्रिय चिमणे,

आज आशीर्वाद आधी नाही, शेवटी देतो. जाऊन आलो. तुझा दादा गेला त्या गावी.

त्या वेळी काका एकटा गेला आणि त्याला घेऊन आला. आम्ही कोणी गेलो नाही. पुढे त्या गावाचं नाव निघालं की घरात कोणीतरी पाणी प्यायला उठायचं. तूही उठायचीस. त्यामुळे ते गाव माझ्या मनात नुसतं काळं पाणी होऊन बसलं होतं. बसमधून उतरलो तर समोर सायकल दुरुस्तीचं दुकान, पोस्टाची पेटी, शाळा सुटलेली. कुठल्याही गावासारखं गाव. मला त्याचाच राग आला.

ज्या बाईंकडे तो खोली घेऊन राहत होता, त्या अजून तिथेच आहेत. मी फाटकाशी पोचलो, काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "तुम्ही त्याचे वडील. तोही असाच एक खांदा पाडून चालायचा." त्यांनी खोली दाखवली. आता तिथे एक नर्स राहते, ती कामावर होती, म्हणून दारातूनच पाहिली. भिंतीला लागून कॉट, कॉटच्या डोक्याशी खिडकी. तो आडवा पडल्यापडल्या नदी पाहू शकत असणार. बाई म्हणाल्या, "फार बेसूर गायचा हो. मी खालून झाडूने छत ठोकायची. मग आणखी मोठ्याने गायचा." मला हसू आलं. त्या खोलीच्या दारात उभा राहून मी हसलो, चिमणे.

मग त्या मला उताराच्या पायऱ्यांवर घेऊन गेल्या. नाव जिथून सुटायची ती जागा. आता पूल आहे, नाव बंद झाली. त्या दिवशी वर कुठेतरी पाऊस झाला होता, पाण्याला ओढ होती, नावेत माणसं जास्त झाली होती, आणि मध्यावर ती कलंडली. हे आपल्याला काकाने सांगितलं होतं. बाईंनी पुढचं सांगितलं. त्या इथेच उभ्या होत्या.

त्या गेल्यावर पायरीवर बसून लिहायला घेतलं. पहिलं वाक्य लिहिलं: "नदी अफाट आहे, पलीकडचं काही दिसत नाही." लिहिलं आणि त्याच्याकडे बघत बसलो. कारण नदी अफाट नाही. तुझ्या शाळेचं पटांगण होतं ना, त्याहून थोडी मोठी. पण नदी अफाट असली की कोणी काही करू शकलं नसतं, असं म्हणता येतं. इतक्या जवळून माणूस हातचा जातो, हे मी तिला कसं दाखवू? ऊन कलेपर्यंत तिथेच होतो. शेवटी ते वाक्य खोडलं आणि समोर होतं ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर वाचायला बसलो. तिचा पाय उशीवर होता. दुकान, पेटी, खोली, झाडू, सगळं तिने ऐकलं. बेसूर गाण्यापाशी ओठ हलले. मग मी नदीपाशी आलो.

"नदी अरुंद आहे. पलीकडच्या काठावर एक बाई कपडे वाळत घालतेय. तिने चिमटा दातांत धरलाय, तो इथून दिसतो."

मी थांबलो. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं, संपलं, हे मी करायला नको होतं.

"म्हणजे लोकांना तो दिसत होता," ती म्हणाली.

"हो."

"आणि त्याला लोक."

"हो. दोन्ही काठांवरून माणसं पाण्यात उतरली. दोर टाकले. त्याच्यापर्यंत पोचले नाहीत. पण हाका मारत होते."

"नावाने?"

"नावाने. बाई स्वतः मारत होत्या. त्याने एकदा त्यांच्याकडे वळून पाहिलं."

तिने हात पुढे केला. मला वाटलं पाणी हवंय, पण तिला कागद हवा होता. त्यावरून बोटं फिरवत राहिली. म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटायचं, कोणी नव्हतं. तो एकटाच होता, आणि मला हाका मारत होता."

मग ती रडली. मीही रडलो. आजवर आम्ही पाळीपाळीने रडायचो, न्हाणीघरात, नळ सोडून. दुसऱ्याला कळू नये म्हणून. दोघांनाही कळत होतं.

आता पायाचं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. गुडघ्याखालून काढावा लागणार. हे मी महिनाभर तुझ्यापासून लपवलं, कारण तिने सांगितलं होतं, "पोरीला इतक्यात नको." काल तिनेच म्हटलं, "आता कळवा. सगळंच कळवा." डॉक्टर हमी देत नाहीत, तिचं हृदयही दमलंय. ती मात्र शांत आहे. सकाळी चहा पिताना दादाचं एक गाणं गुणगुणत होती, त्याच्याइतकंच बेसूर.

जमेल तितक्या लवकर ये. तुला वाचून दाखवायचं आहे, ती जवळ बसलेली असताना. तू उठून जाऊ नकोस, एवढंच.

अनेक आशीर्वाद.

तुझे, आणि तुझ्या दादाचे,
बाबा