पालेभाजी बंद

आई, परवा तलासरीला ऑफिससमोर एसटीतून उतरताना पाय घसरला आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. पडले असंही म्हणता येणार नाही, नुसता हात टेकला. रक्त पातळ करायच्या गोळीमुळे कोपरापर्यंत हात काळानिळा झाला, तेव्हा ऑफिसातल्या बायका माझ्याहून जास्त घाबरल्या. मग डॉक्टरांनी हाडांची तपासणी करायला लावली. हाडं म्हणे म्हाताऱ्या बाईची आहेत. मी एकेचाळीस वर्षांची आहे. मला रडू नाही आलं, राग आला, आणि तो तुझ्यावर आला.

विसाव्या वर्षी माझ्या हृदयात धातूची झडप बसवली, तेव्हापासून ही गोळी जन्माची. पालेभाजी बेताने खा, एकदम जास्त झाली तर गोळीचा जोर कमी होतो आणि झडपेवर गुठळी धरते, असं तेव्हा सांगितलं होतं. तू इतका धसका घेतला होतास की बेताची भानगडच नको म्हणून पालेभाजी घरातून हद्दपार केलीस. पाल्याची भाजी होते म्हणून मागच्या दारचा शेवगाही तोडायला लावलास. डहाणू रोडच्या बाजारात पाड्यांवरच्या बायका भाज्यांचे वाटे मांडून बसायच्या, ती बाजू सोडून तू लांबून वळसा घ्यायचीस. बाबा ड्यूटीवर कुणाच्या तरी डब्यातली मेथी खाऊन यायचे आणि घरात साळसूदपणे चहा मागायचे. तू स्वतःही सोडलीस, हे मात्र मला फार उशिरा कळलं. मी पडले तर रक्त थांबणार नाही म्हणून माझं खेळणं, सायकल, बोर्डीच्या किनाऱ्यावरचं चालणं, सगळं बंद. मी सावलीतच बसून राहिले आणि दुधाला तर मी कधी तोंडच लावलं नाही.

डॉक्टर म्हणाले, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही. इतक्या वर्षांची गोळीही असेल, न चालणंही असेल, खाणंही असेल. गोळी तर सोडता येत नाही. आता रोज चालायचं, ऊन घ्यायचं आणि पालेभाजी रोज ठरावीक खायची, रक्त तपासत राहायचं. मग त्यांनी विचारलं, आजवर का खाल्ली नाहीत? मी म्हणाले, आईने कधी खाऊ दिली नाही. त्यांनी मान हलवली. अशा आया त्यांनी पुष्कळ पाहिल्या असणार.

तुला जाऊन बारा वर्षं झाली. त्याच्या आदल्या वर्षी तू एकटीच, मला न सांगता, माझं रक्त तपासतात तिथे जाऊन आली होतीस. संध्याकाळी माझ्या ताटाशेजारी मेथीची छोटी वाटी ठेवलीस.

"रोज एवढीच खायची, म्हणजे चालते. सिस्टरला दोनदा विचारलं मी," तू म्हणालीस. "माझंच चुकलं गं इतकी वर्षं."

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, नोकरी करणारी, शिकलेली. मी वाटी सरकवली आणि म्हणाले, "मला मारायचंय का तुला?"

तू वाटी उचललीस. ओट्यापाशी उभ्यानेच ती भाजी खाल्लीस, वाटी विसळलीस. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

पुढच्या सोमवारी प्लास्टर दाखवायला जायचं आहे. तेव्हा डॉक्टरांना त्या वाटीबद्दल खरं काय ते सांगेन, असं आत्ताच इथे लिहिलं होतं. मग खोडलं. नाही सांगणार मी, आई.