भैरवगढची चिंच

उज्जैन
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. दिलीपकाकांना मृण्मयीचा नमस्कार.

तुम्ही आणि काकू बरे असाल. इकडे यंदा थंडी बरीच आहे. अकरा वर्षांनी माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल, म्हणून कळवायचं ते आधी कळवते. अण्णा २१ नोव्हेंबरला गेले. किडनीचा त्रास दोन वर्षं होताच, शेवटचे नऊ दिवस दवाखान्यात होते. चक्रतीर्थाच्या स्मशानघाटावर सगळं झालं. तेराव्यालाही फार माणसं नव्हती.

तुम्हाला वेळेवर कळवायला हवं होतं. धावपळीत पत्ता सापडला नाही. शेवटी शेवटी अण्णांचं बोलणंही बंद होतं, त्यामुळे कोणाला बोलवायचं का, ते त्यांना विचारता आलं नाही.

मी ठीक आहे. शाळा चालू आहे, दहावीच्या प्री-बोर्डच्या कॉप्या तपासते आहे. घरी आले की गच्चीवर जाते, झाडांना पाणी घालते, खाली येते. शेजारच्या मीनाताई म्हणतात, एकदा रडून घे, मोकळी होशील. मला रडू येत नाही. येत नाही याचं वाईटही वाटत नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. भैरवगढच्या चिंचेची पानं पिवळी पडून गळताहेत. एका बाजूच्या फांद्या तर उघड्याच पडल्या आहेत. बाकीची बोन्साय, जेड, दोन्ही वड, बोगनवेल, सगळं ठीक आहे. फक्त चिंच अशी. मला पाणी घालण्यापलीकडे काही येत नाही, आणि त्या झाडाबद्दल तुमच्याशिवाय कोणाला विचारावं ते कळत नाही. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

काकूंना नमस्कार.

आपली नम्र,
मृण्मयी भागवत


उज्जैन
३ फेब्रुवारी २०२५

ती. दिलीपकाका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. चार ओळी होत्या आणि चारही झाडाबद्दल होत्या. अण्णांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, ते मी समजू शकते.

तुम्ही सांगितलं तसं कुंडी आडवी करून खालची भोकं तारेनं मोकळी केली. मुळांनी पार बुजली होती. पाणी आत साचून राहत होतं. आता बोट मातीत घालून बघते, ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी घालत नाही. पानगळ थांबली आहे. खरं सांगायचं तर मी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी घालत होते. शाळेतून आल्यावर दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

काल रविवार होता. गच्चीवर स्टूल टाकून बराच वेळ तिच्यासमोर बसले. तुम्हाला भैरवगढचा तो दिवस आठवतो का? आई गेली त्या वर्षीची गोष्ट, मी बारा वर्षांची होते. अण्णा सिंचाई विभागातून घरी यायचे आणि बूट न काढता खुर्चीत बसायचे, ते जेवायची वेळ होईपर्यंत. तुम्ही ऑफिसात त्यांच्या शेजारच्या टेबलावर. एका रविवारी स्कूटर घेऊन आलात आणि आम्हा दोघांना मागे बसवून भैरवगढला नेलंत. एका छपाईवाल्याच्या अंगणात छापलेल्या चादरी वाळत होत्या आणि कुंपणाशी ही चिंच होती. वर्षानुवर्षं बकऱ्या तिचे शेंडे खात आल्या होत्या. उंची जेमतेम दीड वीत आणि बुंधा माझ्या मनगटाच्या दुप्पट. तो म्हातारा म्हणाला, "ले जाओ साहब, यह तो बकरियों की जूठन है।" तुम्ही उकिडवे बसून तिला चारी बाजूंनी बघितलंत आणि म्हणालात, "वसंता, हिचं अर्धं काम बकऱ्यांनीच करून ठेवलंय." अण्णा हसले. आई गेल्यावर पहिल्यांदा.

मग वर्षभर तुम्ही तिला कात्री लावू दिली नाहीत. दर रविवारी यायचात आणि दोघं समोर बसून नुसतं बघत राहायचात. झाडाचा चेहरा कुठला ते ठरल्याशिवाय कापायचं नाही, म्हणायचात. मला वाटायचं, या दोघांना काही झालंय. मग एक दिवस तुम्ही उजवीकडची सगळ्यात जाड फांदी करवतीनं काढलीत आणि मला दिसलं, की ते नदीकाठचं मोठं जुनं झाड आहे, वारा एकाच अंगानं येतो तिथलं. ते आधीपासून तिच्यातच होतं. तुम्हाला दिसत होतं, आम्हाला नाही.

कापणं तुमचं आणि पाणी अण्णांचं, असं तेरा वर्षं चाललं, तुम्ही इंदूरला राहायला गेल्यावरही. फांदी वळवायला तार तुम्ही गुंडाळायचात, ती सालीत रुतायच्या आत अण्णा सोडायचे. तार काढल्यावरही फांदी तशीच राहिली की मला हाक मारून दाखवायचे. संध्याकाळी चिंचेची पानं मिटली की म्हणायचे, चला, हिचं ऑफिस सुटलं.

एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. तुमचा पत्ता हरवला नव्हता. अण्णांच्या डायरीत पहिल्याच पानावर होता, आणि फोन नंबर माझ्या मोबाइलमध्ये.

एकदा येऊन झाड बघून जाल का? शिवरात्रीला इकडे सगळे रस्ते बंद असतात, बाहेरची गर्दी फार. त्यानंतरचा रविवार, दोन मार्च, बरा पडेल. देवास गेटला बस सोडते, तिथून ऑटो मिळते. पण घर तुम्हाला काय सांगायचं.

तुमची,
मृण्मयी


उज्जैन
५ मार्च २०२५

ती. दिलीपकाका,
नमस्कार. त्या दिवशी सुखरूप पोचलात ना?

तुम्ही रविवारी आलात, दहा ते चार उन्हात बसून काम केलंत, जेवलात, गेलात. मी पूर्ण दिवस तुमच्याशेजारी छाटलेल्या डहाळ्यांची पाटी धरून बसले होते. बोलायला सहा तास होते आणि मी बोलले नाही. म्हणून आता लिहिते आहे.

गच्चीवर पाऊल टाकल्याबरोबर तुम्ही म्हणालात, "अकरा वर्षं कात्री लावली नाही यानं. झाडाचं झुडूप करून टाकलं." मी ऐकून घेतलं. अण्णांनी आळसानं तसं केलं नाही. बाकीच्या सगळ्या झाडांना ते वेळच्या वेळी छाटत होते, तुम्ही बघितलंतच. चिंच वाढायला लागली तेव्हा मी एकदा म्हटलं, इंदूरहून कोणी जाणकार बोलावू या. ते म्हणाले, "तिला कापणारा हात एकच आहे." मग तो विषय झाला नाही. ते रोज पाणी घालत राहिले. तिचा चेहरा दर वर्षी थोडा थोडा झाकत गेला, आणि तेही त्यांनी रोज बघितलं.

जेवताना तुम्ही मला विचारलंत, "माझं नाव गाळायला त्याला कोणी सांगितलं, तुला माहीत आहे?" मी म्हटलं, माहीत नाही. आणि तुम्हाला आमटी वाढली.

कोणी सांगितलं नव्हतं. नाव मी गाळलं.

२०१३च्या डिसेंबरात इंदूरच्या बोन्साय प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी अण्णांना ताप होता. झाड घेऊन मी एकटीच इंदूरला आले, फॉर्म मी भरला आणि झाडासमोरचं कार्डही मीच लिहिलं. फॉर्मवर एकच ओळ होती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. त्या ओळीत दोन नावं सहज मावली असती. मी 'वसंत भागवत, उज्जैन' लिहिलं आणि पेनला टोपण लावलं. सगळे म्हणायचे, झाड दिलीपजींचं, भागवत साहब तो बस पानी देते हैं। अण्णाही हसून मान हलवायचे. ते हसणं मला बघवायचं नाही. कधीतरी एकदा त्यांचं नाव एकट्याचं असावं, एवढंच मनात होतं. तुमच्याबद्दल वाईट काही नव्हतं. तुमच्याबद्दल मी विचारच केला नाही.

ते प्रदर्शन मला अजून पाठ आहे. एका बाईंचा वड होता, पारंब्या पार मातीला टेकलेला. बाई त्याच्याशेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसून होत्या, कारण एकतीस वर्षांत तो पहिल्यांदाच घराबाहेर आला होता आणि त्यांना त्याला एकटं सोडवत नव्हतं. एका निवृत्त डॉक्टरांनी एकाच तबकात अकरा जेडचं रान केलं होतं. त्यात एक पायवाट होती, तिच्याकडे बघितलं की माणूस आपोआप गप्प व्हायचा. इतकी सुंदर झाडं, आणि तरी लोक आपल्या चिंचेपाशी येऊन थांबत होते. पहिलं बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. मी खांबाशी उभी होते. तुम्ही आधी झाड बघितलंत, मग चष्मा लावून कार्ड वाचलंत, मग चष्मा खिशात ठेवून निघून गेलात. मी हाक मारली नाही.

चार दिवसांनी तुम्ही घरी आलात. अण्णांना विचारलंत, "नाव तू लिहून दिलंस?" मी चहा घेऊन दारात उभी होते. अण्णांना तेव्हापर्यंत काहीच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बहुतेक माझ्या चेहऱ्यावरून कळलं त्यांना. ते तुम्हाला म्हणाले, "हो. मीच." मी पुढे झाले आणि चहा टेबलावर ठेवला.

तुम्ही गेल्यावर ते मला काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. सकाळी म्हणाले, डबा घेतलास का, शाळेला उशीर होईल. मी वाट बघत होते की ते रागावतील, म्हणजे मला बोलता येईल. ते रागावले नाहीत. मग वर्ष गेलं, आणि एक वर्ष गेल्यावर दहा जायला काही लागत नाही.

आता शेवटचं. दवाखान्यात अण्णांचं बोलणं बंद नव्हतं. आठव्या दिवसापर्यंत ते नीट बोलत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दिलीपला फोन करू या का?" मी म्हटलं, आधी बरे व्हा, मग करू. सहाव्या दिवशी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, नंबर लागत नाही. मी लावलाच नव्हता. तुम्ही आला असतात तर खोलीत तुम्ही दोघं असतात, आणि मग ती गोष्ट निघाली असती. मला तिथं उभं राहायचं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर विचारलं नाही.

हे लिहिताना मला काही होत नाही आहे. कोणा दुसऱ्याबद्दल लिहावं तसं लिहिते आहे. माफी मागावी असं मनात आलं, पण ती तुमच्याकडे मागायची की त्यांच्याकडे, ते ठरेना.

पाडव्याला तुम्ही पुन्हा यायचं कबूल केलं आहे. या पत्रानंतर यायची इच्छा नसेल तर झाड मी इंदूरला आणून तुमच्या दारात ठेवीन आणि परत जाईन. आत बोलवायची गरज नाही. माझ्यावर काय तो राग धरा. अण्णांनी मला वाचवायला तुम्हाला सोडलं होतं. हे तुम्हाला ते असताना कळायला हवं होतं.

मृण्मयी


इंदूर
१७ मार्च २०२५

चि. मृण्मयीस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. काकूला दाखवलं नाही.

राग आला. अजून आहे. त्यातला तुझ्या वाट्याचा किती, ते मला नीट सांगता येणार नाही. मुलीनं बापाचं नाव लिहिलं, ते मी विसरलो असतो. चार दिवसांत नाही, तरी वर्षभरात विसरलो असतो. दवाखान्यातला तो फोन मात्र विसरायला जमेल असं वाटत नाही. उगाच खोटं कशाला लिहू?

वसंतावरही राग आहे. एकदा खरं सांगितलं असतं तर मी काय तुला खाल्लं असतं? आणि माझं म्हणशील तर त्या दिवशी चहा पिऊन उठलो, तो दीड तासाच्या अंतरावर अकरा वर्षं बसून राहिलो. या काळात महाकालला तीनदा येऊन गेलो. एकदा ऑटो तुमच्या गल्लीच्या तोंडाशी अडकली होती, पाच मिनिटं. उतरलो नाही. तेव्हा तो गच्चीवर असेल.

पाडव्याला येणार नाही. झाड इकडे आणू नकोस, ऊन बदललं की पुन्हा पानं टाकेल. एप्रिलमध्ये नवी फूट येईल. तिचे शेंडे दोन पानांवर खुडायचे, पण कुठले खुडायचे आणि कुठले राहू द्यायचे ते पत्रात शिकवता येत नाही. १३ तारखेला, रविवारी, सकाळच्या बसनं येतो. माझा हात आता पूर्वीसारखा स्थिर नाही, तुला शिकावं लागेल. वर्षभर नुसतं बघायचं हा नियम तुला माफ आहे, तू पंचवीस वर्षं बघितलं आहेस.

वसंताबद्दल काही बोलायचं असेल तर जेवण झाल्यावर बोलू. आधी झाड.

वसंताचा मित्र,
दिलीप