अण्णांचं मशीन

सोलापूर, ३ जानेवारी २०२४

चि. शिवपुत्र यास अण्णाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर आपलं दोन मिनिटांत भांडण जुंपतं, म्हणून वच्छलाआत्याने घातलेली शपथ पाळून पत्र लिहितो आहे. बातमी अशी की मी रेकॉर्ड वाजवायचं भारीतलं मशीन घेतोय. टॉवेलचा धंदा यंदा बरा झाला आणि आपण दोघांनी कॉलेजात असताना जमवलेल्या रेकॉर्डी नुसत्या कपाटात पडून आहेत.

पुण्याच्या दुकानदाराने दोन सेट ऐकवले. एक नव्वद हजारांचा, दुसरा तीन लाखांचा. खरं सांगू, मला दोन्ही सारखेच गोड लागले. तुझी वहिनी म्हणते, तेवढ्या पैशात टॉवेल विणायचा एक माग येईल. घरात कान म्हणशील तर तुझाच. किती घालू ते सांग.

सौ. सोनमला आशीर्वाद. आहे तो लोभ टिकवून धर.
तुझा, अण्णा

मोडनिंब, ९ जानेवारी २०२४

तीर्थस्वरूप अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि पोटात दुखायला लागलं. रेकॉर्डी दोघांच्या, पण तुमचं कपाट मोठं म्हणून गेल्या तुमच्याकडे. आता मशीनही तुमच्याकडेच. मी मात्र शाळेतून येऊन मोबाईलला तो डबा स्पीकर जोडायचा आणि बासरी शिट्टीसारखी ऐकायची! आणि सल्ला कुणी द्यायचा, तर मीच. आणि हो, फोनवर भांडण मी काढत नाही. तुम्ही ओरडता, मग मलाही ओरडावं लागतं.

नव्वद हजारांचं घ्या म्हटलं तर मी जळून म्हटलं असं तुम्हाला वाटणार. तीन लाखांचं म्हटलं तर मला झोप लागणार नाही. तरी महागाचंच घ्या. हेवाच करायचा तर तो चांगल्या वस्तूचा तरी होऊ दे. सोनम हसते आहे. तिला काय होतंय हसायला!

जळणाऱ्या भावावरही लोभ असू द्यावा.
आपला, शिवपुत्र

सोलापूर, २४ जानेवारी २०२४

चि. शिवपुत्र यास आशीर्वाद, वि. वि.

तुझं ऐकलं आणि फसलो. गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत पुण्याचा माणूस येऊन मशीन बसवून गेला. कारखाना बंद, एमआयडीसी सगळी गप्प. सुट्टीभर काय वाजलं म्हणतोस! सुट्टी संपली, खाली माग सुरू झाले आणि वरची फरशी थरथरायला लागली. सुई गाण्यावरून उड्या मारत शेवटाला. इतकी वर्षं मागांच्या डोक्यावर राहतोय, पण फरशी हलते हे ध्यानातच आलं नाही.

खाली रबर घातलं, फरशी बदलली, काही उपयोग नाही. स्वस्तातल्या मशीनला एवढी थरथर कळली नसती, असं दुकानदार म्हणतो. एकदा दुपारी चिडून मागच बंद करायला लावले, तर मागावरचा ज्ञानबा वर येऊन विचारून गेला की मालक, लाईट हाय की, मग माग कशापायी थांबवले म्हणून. कामगारांची मजुरी नगावर, माग थांबला की बुडाली. मला लाज वाटली आणि लगेच माग चालू करायला सांगितले. आता मशीन आणि रेकॉर्डी टेम्पोने तुझ्याकडे पाठवतोय. तुझं घर रानात, तिथे हलणारं काही नाही. मनासारखं झालं ना तुझ्या?

लोभ असू दे, मला हसत बसू नकोस.
तुझा, अण्णा

मोडनिंब, २ फेब्रुवारी २०२४

तीर्थस्वरूप अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

हसलो, खोटं कशाला बोलू? मशीन सुखरूप आलं. पहिल्याच दिवशी बासरीची रेकॉर्ड लावली. अण्णा, सूर यायच्या आधी वादक श्वास घेतो, तो ऐकू येतो! इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. तीन लाख त्या श्वासाचे आहेत, तुम्ही एक रुपया जास्त घातला नाहीत.

पण जळणं काही सुटलं नाही. घरात जो येतो तो अण्णांचं मशीन बघायला येतो. चहा माझा, वीज माझी, आणि कौतुक तुमच्या आवडीचं. आता येत्या रविवारी तुम्हीच या आणि ऐका, म्हणजे माझा जीव थंड होईल.

वहिनींना नमस्कार. लोभात कसर करू नये.
आपला, शिवपुत्र

सोलापूर, १४ फेब्रुवारी २०२४

चि. शिवपुत्र यास आशीर्वाद, वि. वि.

रविवारी तुझ्याकडे बासरी ऐकताना तू आणि सोनम एकदमच माझ्याकडे बघितलंत, हा बघा श्वास, अशा नजरेने. मी मान डोलावली. शिवपुत्र, मला काही ऐकू आलं नव्हतं. तुम्हा दोघांच्या तोंडावर जे उमटलं, ते बघून मी मान हलवली.

काल कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. बारीक आवाज मागांनी खाल्ले, ते आता परत यायचे नाहीत म्हणाला. ज्ञानबालाही घेऊन गेलो होतो, त्याचं तर माझ्याहून वाईट. आता कारखान्यात सगळ्यांना आवाज अडवायला कानात घालायची बोंडं आणलीत. मला मात्र फार उशीर झाला.

तुझ्या नोकरीचा, तुझ्या रानातल्या घराचा मला कधी हेवा वाटला नाही. कानांचा वाटतो, आणि फार वाटतो. पैसे माझे आणि श्वास तुला ऐकू यावा, हे मला रविवारपासून सोसत नाही.

मशीन तुझ्याकडेच राहू दे. रोज लाव. आणि काय काय ऐकू आलं ते मला लिहीत जा, कुठे श्वास घेतला, कुठे बोट घसरलं, सगळं. वाचून माझा जळफळाट होईल. तरी लिही, काही गाळू नकोस.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा, अण्णा