ओहोटी नसलेली खाडी

मी, नीळकंठ गोपाळ भोसेकर, वय पंचाहत्तर, निवृत्त कालवा निरीक्षक, राहणार बारामती, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली नसताना (पत्नी यशोदा बाजारात गेली आहे) हे मृत्युपत्र करीत आहे. हात कापतो, पेन धरवत नाही. म्हणून मी सांगतो आणि रणजित वकील लिहितात. त्यांनी मध्येच हसू नये.

१. राहते घर व बँकेतली ठेव यशोदेची. तिच्या पश्चात आमची एकुलती मुलगी अबोली हिची. यात भांडायला कोणी नाही.

२. आरमाराच्या इतिहासाची माझी पुस्तके वाचनालयाला द्यावीत. किनाऱ्याचा मोठा नकाशा मात्र माझे साडू दादासो, राहणार बावडा, यांनी अकरा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेला तो नेलाच. वर म्हणाले, "धरणात पवायला शिकल्याल्या माणसानं समुद्रावर लिहू न्हाय." तेव्हापासून मी त्यांच्या घरचा चहा घेतलेला नाही. नकाशा त्यांनाच राहू द्यावा. त्यांचे म्हणणे खरे निघाले.

३. दुर्बीण म्हस्कूला द्यावी. हा उजनीच्या पाण्यात मासे धरतो. वल्हे कसे मारतात, वाऱ्यात होडी कशी वळते, हे सगळे मी त्याच्याकडून शिकलो व माझ्या आरमारी कादंबरीत घातले.

४. आता कादंबरी. माझी गुराब, म्हणजे आरमाराचे लढाऊ जहाज, उथळ खाडीत शिरते, सात दिवस लपून राहते, शत्रूची जहाजे बाहेर ताटकळतात. शेवटची चौदा प्रकरणे यावरच उभी आहेत. अबोलीने नोकरी सांभाळून दोन वर्षे माझ्या वह्या टाइप केल्या, पुस्तक छापायला दिले आणि दिवाळीच्या सुट्टीत मला कोकणात नेले. मी समुद्र प्रथमच पाहिला. सकाळी खाडीत होड्या तरंगत होत्या. जेवून आलो तर त्याच होड्या चिखलात कलंडलेल्या.

भरती-ओहोटी हे शब्द मला ठाऊक होते, पण ती वाळूवरच्या चार हातांची गंमत असे धरून चाललो होतो. जन्मभर मी पाणी दार उघडून सोडले, दार पाडून बंद केले. उजनी एकदा उतरली की पुढच्या पावसाळ्यातच चढते. म्हस्कूला सांगितले तर तो म्हणाला, "दिसातनं दोनदा? पान्याला काय याड लागलंय व्हय, सायेब?" माझी गुराब पहिल्याच दुपारी गाळात रुतली असती आणि शत्रू चालत येऊन तिला घेऊन गेला असता.

घरी परतलो तर पुस्तकाचे गठ्ठे दारात. दुरुस्ती सांगून लिहवून घ्यावी, तर ती अबोलीलाच सांगावी लागणार. वकिलांना चौदा प्रकरणांना वेळ नाही. तीनदा तोंड उघडले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अप्पा, ते सात दिवस टाइप करताना माझा श्वास अडकायचा. आई जेवायला हाका मारायची, मी उठायचेच नाही." जिवंतपणी सांगायची माझी छाती नाही, म्हणून हे कलम. अबोली, चूक माझी आहे, तुझी नाही. पुस्तकाचे सर्व हक्क तुझे; सुधार, नाहीतर राहू दे.

परवा रविवारी प्रकाशन आहे. खाडीतल्या सात दिवसांचे प्रकरण मी स्वतः वाचावे असा तिचा हट्ट आहे. मी वाचणार आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही (वाकडी, पण माझीच): नी. गो. भोसेकर
साक्षीदार: १. दत्तोबा कुंभार, निरवांगी २. अनिता शिर्के, बारामती
बारामती, शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५